रेडिएटर गळतोय आणि हातात पैसे कमी आहेत, तेव्हा आधी काय करावं

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: गाडी बारा वर्षांची आहे, आठवड्याला साधारण अर्धा लिटर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतं, मेकॅनिकनं बॉनेट उघडून एक नजर टाकली आणि रेडिएटर बदलायला सांगितला. या महिन्यात तेवढे पैसे नाहीत, पण कामावर जायला गाडी रोज लागते. तर गळती थांबवणारं बाटलीतलं औषध ओतून भागेल का?

मी तीसेक वर्षं जास्त करून गाड्यांच्या कूलिंगचीच कामं केली, आणि हा प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो. माझं उत्तर लोकांना फारसं आवडत नाही, कारण मी औषधाकडे लगेच वळतच नाही. कूलंट रेडिएटरमधूनच जातंय हे कुणी डोळ्यांनी पाहिलंय का, हे आधी विचारतो. तुमच्या वर्णनावरून तरी ते कुणी पाहिलेलं दिसत नाही.

आणि वाचवायचं काय आहे तेही ठरवून घ्या. रेडिएटर हा या प्रकरणातला त्यातल्या त्यात स्वस्त भाग. खरी काळजी इंजिनाची. ॲल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) एकदा बेसुमार तापलं की वाकतं, हेड गॅस्केट (त्याच्या खालचं सील) जातं, आणि मग जो खर्च उभा राहतो त्यात कित्येक रेडिएटर आले असते. त्यामुळे ‘कमी पैशात’ याचा अर्थ मी असा घेतो: पैसे जमेपर्यंत इंजिन तापू द्यायचं नाही, आणि पैसा घालायचा तो एकदाच, नेमक्या जागी.

गळती शोधायचं पहिलं काम फुकट होतं. रात्री गाडी उभी केली की इंजिनाखाली मोठा पुठ्ठा सरकवा. सकाळी डाग कुठे पडलाय, किती मोठा आहे आणि रंग कोणता आहे ते बघा. एसीचं पाणीही खाली ठिबकतं, पण ते साधं, बिनवासाचं असतं. कूलंट बोटांना किंचित चिकट, तेलकट लागतं आणि त्याला गोडसर वास असतो. (चव मात्र घेऊन बघू नका. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि गोड असल्यामुळेच मुलं आणि जनावरं त्याला तोंड लावतात. पुठ्ठाही सकाळी लगेच उचला.) सोबत बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीवर पातळीपाशी चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, पातळी किती उतरली आणि काल गाडी किती किलोमीटर चालली ते लिहून ठेवा. चार दिवसांची ही टिपणं घेऊन कुणी आलं की माझं अर्धं काम झालेलं असतं. ‘जरा जरा गळतंय’ या शब्दांवरून मला काहीच कळत नाही.

इथे एक फसगत होते. पातळी नुसत्या बाटलीत बघू नका. ज्या गाडीत रेडिएटरला वेगळी कॅप असते, तिथे इंजिन तापल्यावर फुगलेलं कूलंट बाटलीत जातं आणि थंड होताना परत आत ओढलं जातं. कॅपमधला छोटा व्हॉल्व्ह अडकला की हे परत येणं बंद होतं. मग बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर आतून रिकामा होत जातो. इंजिन थंड असताना कॅप उघडून आत बघा; कूलंट गळ्यापर्यंत दिसायला हवं. रेडिएटरचा वरचा होज पाइप (रबरी नळी) सकाळी चपटा झालेला दिसला तरी संशय कॅपवरच घ्यायचा. माझ्याकडे एक गाडी आली होती, दुसरीकडे दोनदा रेडिएटर बदललेली. तिसऱ्यांदा पुन्हा तेच. दोन्ही वेळा जुनीच कॅप नव्या रेडिएटरवर बसवलेली होती! म्हणून मी गळतीच्या कुठल्याही गाडीत कॅपचं रबर आधी बघतो. ते तडकलेलं किंवा दबून सपाट झालेलं असेल तर कॅप बदला, तीही त्याच दाबाची. हा आकडा कॅपवरच छापलेला असतो, बहुतेक गाड्यांत १ बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास.

या दाबाचं काम नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर साधारण १०७ ला. त्यावर १ बारचा दाब चढला की हाच आकडा १२५ च्या पुढे जातो. चालतं इंजिन ९० ते १०५ अंशांच्या घरात असतं, म्हणजे हातात बरीच जागा राहते. गळती असली की नुसतं पाणीच कमी होतं असं नाही, दाबही टिकत नाही, आणि उकळी फुटण्याचा बिंदू खाली घसरतो. त्यात तुम्ही कमी झालेलं साध्या पाण्यानं भरत राहिलात तर मिश्रण पातळ होऊन आणखी खाली. दोन-तीन आठवडे व्यवस्थित चाललेली गाडी एक दिवस गर्दीत अचानक उकळते, ती अशी.

दाबामुळेच गळती शोधणं अवघड होतं. बरीच भोकं इंजिन तापून दाब चढल्यावरच गळतात, आणि बाहेर आलेलं कूलंट गरम धातूवर पडून लगेच सुकतं. खाली थेंबही दिसत नाही. उलट होजच्या क्लॅम्पपाशी (होज आवळणाऱ्या पट्टीपाशी) किंवा रेडिएटरच्या टाकीच्या शिवणीवर असलेली फट इंजिन थंड असताना आकसून उघडते आणि इंजिन तापलं की आपोआप मिटते. म्हणून दोन्ही वेळा बघा. वाहतं पाणी शोधण्यापेक्षा त्याची खूण शोधा: पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरपुडी. टॉर्च घेऊन होजची तोंडं, रेडिएटरची टाकी आणि जाळी यांचा जोड, त्याच्या तळाचा ड्रेन प्लग (कूलंट काढायचं बूच), वॉटर पंपाच्या खालचं बारीक छिद्र, आणि कूलंटची बाटली, विशेषतः तिच्या तळाची शिवण, तपासा. पंपाच्या त्या छिद्रातून कूलंट येत असेल तर पंपाचं सील गेलंय. रेडिएटरचा काही दोष नाही.

बाहेर काहीच सापडलं नाही आणि पातळी मात्र उतरतेय, तर आत शोधा. पायाखालचा गालिचा ओला आहे, काचेवर चिकट धुकं येतं, गाडीत गोडसर वास येतो: हीटर कोअर (हीटरमधली कूलंटची जाळी) गळतोय. सकाळी सुरू केल्यावर बराच वेळ पांढरा धूर, थंड इंजिन सुरू करताच मिनिटभरात कडक होणारा वरचा होज, कूलंटमध्ये सतत बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर: हेड गॅस्केटचा संशय घ्या. नुसता दुधाळ थर मात्र थोडं थोडंच अंतर चालणाऱ्या गाडीत वाफेमुळेही येतो, तेवढ्यानं घाबरू नका. बाकीची लक्षणं जुळली तर गाडी चालवणं थांबवा.

एवढं करूनही जागा नक्की झाली नाही, तर पहिला पैसा प्रेशर टेस्टवर खर्च करा. हातपंपासारखं साधन असतं. थंड इंजिनावर, कॅपच्या जागी ते बसवून कॅपवर लिहिलेल्या आकड्याइतका दाब भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघत बसतात. काटा उतरला की कुठून तरी ठिबकणारच, आणि इंजिन थंड असल्यामुळे ते सुकत नाही. फक्त टेस्टच करायची आहे असं आधी सांगा आणि तिथेच उभे राहा. थेंब कुठून येतोय ते स्वतः बघितल्याशिवाय रेडिएटरला होकार देऊ नका. माझ्या अनुभवात ‘रेडिएटर गेला’ म्हणून आलेल्या गाड्यांपैकी चांगल्यापैकी गाड्या होज, क्लॅम्प, कॅप किंवा ड्रेन प्लगचं रबर यांवर सुटल्या. होजचं टोक कडक होऊन तडकलं असेल आणि पाइपात थोडी ढील असेल, तर दोन सेंटिमीटर कापून नव्या क्लॅम्पनं परत बसवला तरी दिवस निघतात.

आता समजा थेंब खरंच रेडिएटरमधूनच येतोय. मग कुठून, यावर सगळं ठरतं. तुमची गाडी ज्या काळातली आहे त्यावरून जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या असणार, मध्ये रबरी गॅस्केट आणि पत्र्याचे दात मुडपून बसवलेला जोड. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाख (सोल्डर) मारून आम्ही वर्षानुवर्षं चालवत होतो. ॲल्युमिनियमला तो तसा धरत नाही.

जोडातून पाझर असेल तर गॅस्केट कडक झालंय. ते मुडपलेले दात पकडीनं आणखी दाबून बघायचा मोह होतो. मीही केलंय ते. कधी महिनाभर थांबतं, कधी टाकीची कडच तडकते आणि पाझराची धार होते. फक्त रेडिएटरचीच कामं करणारे कारागीर टाकी उघडून नवं गॅस्केट घालून देतात. जाळी आतून स्वच्छ असेल तर हा खर्च करण्यासारखा आहे. उघडल्यावर नळ्यांत क्षार भरलेले दिसले तर मात्र तिथेच थांबा, नवा घ्या.

टाकीला चीर असेल तर मी दुरुस्तीच्या बाजूचा नाही. ही टाकी काच तंतू घातलेल्या नायलॉनची असते, आणि इपॉक्सी त्याला मनापासून चिकटत नाही. सुरुवातीच्या काळात मी एका गाडीची चीर व्ही आकारात खरवडून, सॅंडपेपर मारून, इपॉक्सी भरून, चोवीस तास वाळवून दिली होती. काम इतकं सुबक झालं होतं की दोघातिघांना बोलावून दाखवलं. आठ दिवसांनी गाडी दोरानं ओढून आली. इपॉक्सी जागच्या जागी होती, चीर तिच्या शेजारून पुढे गेली होती. प्लास्टिक उष्णतेनं ठिसूळ झालं की ते एका जागीच ठिसूळ नसतं. अगदी नाइलाज असेल तर इपॉक्सी लावा, पण चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडून, म्हणजे ती पुढे सरकणार नाही, आणि रेडिएटर बदलायची तारीख मनात ठरवून.

जाळीतल्या नळीला दगड लागून बारीक भोक पडलं असेल तर मात्र इपॉक्सी बऱ्यापैकी टिकते. आजूबाजूचे पातळ पापुद्रे हळूच वाकवून बाजूला करा, धातू चकचकीत होईपर्यंत घासा, तेलाचा अंश राहू देऊ नका, आणि पूर्ण कोरडं असताना लावा. गळतं असताना वरून थापलेली पुट्टी धरत नाही.

आता ते औषध. ही औषधं वेगवेगळ्या जातींची असतात. काहींत बारीक तंतू किंवा कण असतात, काहींत सोडियम सिलिकेट. कूलंट भोकातून बाहेर पडताना हा माल तिथे अडकतो किंवा घट्ट होतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकाला, मंद पाझराला हे लागू पडतं. प्लास्टिकच्या चिरेला, सैल गॅस्केटला, फाटक्या होजला नाही. ती फट तापताना-थंड होताना हलत राहते. अडचण अशी की औषधाला भोक आणि अरुंद वाट यांतला फरक कळत नाही. हीटर कोअरच्या बारीक नळ्या आणि आधीच क्षारांनी निम्म्या बुजलेल्या रेडिएटरच्या नळ्या हे त्याचं आवडतं ठिकाण. एकानं एका बाटलीनं थांबलं नाही म्हणून दुसरी ओतली. गळती थांबली, हीटर कायमचा थंड झाला, आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापायला लागली. शेवटी रेडिएटरबरोबर हीटर कोअरही आला.

तरी मी सरसकट नको म्हणणार नाही. जागा सापडली आहे, ती जाळीतली आहे, पाझर मंद आहे, कूलंट स्वच्छ आहे (तपकिरी गाळ नाही), आणि महिन्या-दोन महिन्यांत रेडिएटर बदलायचाच आहे, तर एक बाटली, सांगितलेल्या प्रमाणात, एकदाच. कूलंटच्या बाटलीत नव्हे, रेडिएटरमध्ये ओता, थंड असताना, नीट हलवून. ज्या गाड्यांत दाबाची कॅप बाटलीवरच असते त्यांत दुसरा मार्ग नसतो, तिथे बाटलीतूनच घालावं लागतं. नवा रेडिएटर बसवण्याआधी सगळी यंत्रणा स्वच्छ पाण्यानं धुवून घ्या. स्वयंपाकघरातली कुठलीही पूड किंवा अंडं घालायचा सल्ला मिळाला तर हसून सोडून द्या. ते सडतं, आणि ते धुण्याचं काम मी केलेलं आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे का? पुष्कळ ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतच असते. ती आत फुटली तर कूलंट गिअरबॉक्समध्ये जातं. कूलंटमध्ये किंवा गिअर ऑइलमध्ये गुलाबी, मिल्कशेकसारखा थर दिसला तर वर सांगितलेलं सगळं विसरा आणि गाडी जिथे आहे तिथेच ठेवा.

तोवर गाडी चालवायची कशी? आठवड्याला अर्धा लिटर ही गळती सांभाळता येण्यासारखी आहे, अट एकच: ती वाढत नसावी. म्हणून ती टिपणं. रोज सकाळी थंड इंजिनावर भरा, शक्यतो निम्मं-निम्मं मिश्रण करून. कूलंट रंग बघून घेऊ नका. रंगाला सगळ्या कंपन्यांत एकच अर्थ नसतो. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकार घ्या. गाडीत पाच लिटर पाणी ठेवा. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला की एसी बंद, हीटर आणि पंखा पूर्ण. गाडीत भट्टी होईल, पण हीटर कोअर म्हणजे लहानसा रेडिएटरच आहे. हीटर चालू असून हवा एकदम थंड यायला लागली तर समजा की कूलंट फारच खाली गेलंय. तेव्हा काट्यावर विश्वास ठेवू नका, कारण सेन्सर कूलंटबाहेर उघडा पडला की तो खोटं सांगतो. बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

कॅपला हात लगेच लावू नका. दाब सुटताक्षणी १०० च्या वर तापलेलं पाणी वाफ होऊन अंगावर येतं. माझ्या डाव्या हातावर त्याची खूण आहे. निदान पाऊण तास थांबा, वरचा होज दाबून मऊ लागला तरच जाड फडकं टाकून हळूहळू फिरवा. तापलेल्या इंजिनात गार पाणी भसकन ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

जुने लोक कॅप पहिल्या खाचेपर्यंत सैल ठेवायला सांगतात. दाब चढत नाही म्हणून गळती मंदावते, हे खरं. पण उकळण्याचा बिंदू खाली येतो तो वर सांगितला तेवढा. मोकळ्या सपाट रस्त्यावर, हळू, घरापर्यंत पोचायला ही युक्ती चालते. गर्दीत किंवा चढावर नाही, आणि आटे असलेल्या, फिरवून लावायच्या झाकणाच्या बाटलीवर तर अजिबात नाही.

बदलायची वेळ आली की भंगारातून जुना घ्यायचा विचार तुमच्या मनात येईल. माझं मत नको असं आहे, नवा मिळतच नसेल तर गोष्ट वेगळी. तो तुमच्याच रेडिएटरच्या वयाचा, तसाच ठिसूळ, वर कित्येक महिने कोरडा पडलेला. वाचतो त्याहून जास्त पैसा दुसऱ्यांदा मजुरीत जातो. कंपनीच्या शिक्क्याऐवजी चांगला पर्यायी ब्रँड घेतलात तर खर्चात बराच फरक पडतो. फक्त जुना शेजारी ठेवून जाळीची जाडी, होजच्या तोंडांचा व्यास आणि पकडीच्या जागा ताडून बघा. पैसे हात आखडून घालायचे असले तरी त्याच वेळी कॅप, दोन्ही मोठे होज, क्लॅम्प आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) बदलून घ्या, कारण कूलंट तसंही काढलेलंच असतं. पंप बाहेरून कोरडा असेल, म्हणजे गळत नसेल, तर त्याला हात लावू नका.

हातानं काम करायची सवय असेल तर बहुतेक गाड्यांत हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. एसीच्या कंडेन्सरचे पाइप मात्र सोडू नका, त्यात दाबाखालचा गॅस असतो. काढलेलं कूलंट झाकणाच्या डब्यात भरा, गटारात ओतू नका. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू ओता, आणि पंखा दोनदा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन जागेवर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी बोटभर खाली गेलेली दिसेल. ती अडकलेली हवा निघाली म्हणून. तेवढं भरा. आठवड्यानंतरही पातळी तिथेच असेल तर बाटलीवरची ती चिकटपट्टी काढून टाका.